जुनी फियाट की नवी हॅचबॅक? चालवण्याची मजा आणि जिवाची काळजी

तिसरा_गियर:

नमस्कार मंडळी,

काकांची १९६४ची फियाट ११०० डी आता माझ्याकडे आली आहे. इंजिन ठणठणीत, पत्रा बऱ्यापैकी शाबूत, गियरचा दांडा स्टिअरिंगला. रोजच्या वापराला सहा एअरबॅगांची नवी हॅचबॅक आहे आणि तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण नव्या गाडीतून तासभर प्रवास करून उतरलो की रस्ता कसा होता ते आठवत नाही. फियाटमधून उतरलो की एकेक वळण लक्षात असतं. हात भरून आलेले असतात, कपड्यांना पेट्रोलचा वास येत असतो, आणि तरी अजून एक फेरी मारावीशी वाटते.

ही मजा गाडीत आहे की काकांच्या आठवणींत, हे मला उमगत नाही. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आजच्या वाहतुकीत ही गाडी कितपत धोक्याची? सीटबेल्ट नाहीत, हेडरेस्ट नाहीत, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बायको म्हणते, तुला एकट्याला जायचं तर जा, मुलीला त्यात बसवायचं नाही. मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला नव्या गाडीपेक्षा हीच आवडते. एक मित्र म्हणतो जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो, उलट तीच जास्त मजबूत. दुसरा म्हणतो ही विकून टाक आणि नव्वदच्या दशकातली एखादी घे, दोन्ही साधेल. ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या भरपूर चालवल्या आहेत त्यांनी मोकळेपणाने सांगा.

ड्रम_आणि_पाटे:

दादा, आधी त्या जाड पत्र्याचं बोलू. मी जुन्या गाड्यांच्या ब्रेकची आणि सस्पेन्शनची कामं करते. या गाड्यांवर माझं पोट आहे आणि जीवही. म्हणूनच हा गैरसमज कुणी बोलून दाखवला की मला राहवत नाही.

२००९ साली अमेरिकेतल्या, गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ची शेव्हरले मॅलिबू एकमेकींवर आदळवल्या. दोघींचा वेग ताशी ६४ किलोमीटर, धडक ड्रायव्हरच्या बाजूने अर्धवट. दोघींच्या वजनात फारसा फरक नव्हता, आणि जाड पत्रा म्हणाल तर तो बेल एअरला होता. तिचं स्टिअरिंग वर आणि मागे सरकलं, आत बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याचं डोकं आधी स्टिअरिंगवर, मग छतावर आणि उघड्या लोखंडी डॅशबोर्डवर आपटलं, पुढची काच अख्खी निघून गेली, ड्रायव्हरचं दार उघडलं. त्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूतल्या पुतळ्याच्या पायाला दुखापत झाली असती, बाकी तो धड होता. या चाचणीची चित्रफीत तुमच्या मित्राला जरूर दाखवा.

असं का होतं हे समजून घ्या, कारण तुमच्या फियाटलाही तेच लागू आहे. धडकेत गाडीची सगळी गतिऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. गाडीचं पुढचं आणि मागचं अंग ठरवून चुरगळू द्यायचं आणि मधली माणसांची खोली ताठ ठेवायची, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी यांची. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं पेटंट झालं आणि १९५९च्या डब्ल्यू १११ या मर्सिडीजमध्ये ती प्रत्यक्षात आली. त्याच साली व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा तीन बिंदूंचा पट्टा गाड्यांत बसू लागला, आणि व्होल्वोने ते पेटंट सगळ्या कंपन्यांना खुलं करून दिलं. तुमची गाडी त्यानंतर पाच वर्षांनी बनली असली तरी तिचा आराखडा त्याआधीचा आहे. ऊर्जा कुठे जिरवायची याचा विचार तिच्यात नाही. स्टिअरिंगचा दांडा सरळ, एकसंध. पुढून मार बसला तर तो ड्रायव्हरच्या छातीकडे येतो. दाबला की आत मिटणारे दांडे अमेरिकन गाड्यांत सर्रास दिसू लागले ते १९६७ नंतर.

तेव्हा धडक बसल्यावर वाचवण्याच्या बाबतीत नव्या गाडीशी तुलनाच नको. हे तुम्ही मनाशी एकदा पक्कं करा.

धडक टाळण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तिथे आपल्या हातात बरंच काही असतं. फियाटचे पुढचे खांब बारीक आहेत, काचा उभट आहेत. चौकात वळताना तुम्हाला पायी चालणारा माणूस जितका स्वच्छ दिसतो तितका नव्या गाडीतून दिसत नाही, कारण छताची ताकद आणि पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग सामावण्यासाठी नव्या गाड्यांचे खांब रुंद झाले आहेत. मी स्वतः नवी गाडी वळवताना खांबाआडचं पाहायला मान पुढे काढते. फियाटमध्ये ती गरज पडत नाही.

पण ब्रेक! ड्रम वाईट असतात असं अजिबात नाही. नीट घोटलेले लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर), गोल ड्रम आणि बरोबर सेटिंग असेल तर पहिला ब्रेक झकास लागतो. अडचण चौथ्या-पाचव्या ब्रेकला येते. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, पेडल खाली जायला लागतं. लायनरचं घर्षणही उष्णतेने उतरतं. लांब उतारावर हे पायाला कळतं, पण कळेपर्यंत उशीर झालेला असतो. डिस्कची चकती फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते आणि वाऱ्यात उघडी असल्याने लवकर निवते. त्यात तुमच्या गाडीला ब्रेकची एकच लाइन. एक होज फुटला की चारही चाकं गेली, उरला फक्त हँडब्रेक.

म्हणून आधी टँडम मास्टर सिलिंडर, म्हणजे दोन लाइनींना वेगवेगळा दाब देणारा सिलिंडर, बसवून पुढची आणि मागची लाइन वेगळी करा. रबरी होज सगळे नवे. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं हे कुणालाच ठाऊक नसेल, तर ते आजच जुनं समजा. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल पितं, आणि ओल प्यालेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. टायरच्या बाजूला डॉट कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. ३२१४ असेल तर तो २०१४च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कितीही खोल दिसो, रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते पकडत नाही. गाडी कमी चालते म्हणून टायर टिकतात असं समजणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि दर वेळी मी त्यांना नखाने रबर दाबून पाहायला सांगते.

मागून दिसण्याचंही बघा. तुमचा ब्रेकलाइट लहान आणि मंद आहे. मागचा ड्रायव्हर नव्या गाड्यांच्या ठसठशीत लाल दिव्यांना सरावलेला असतो. मागच्या काचेत वर एक जादा ब्रेकलाइट लावा, काढता येईल असा, म्हणजे गाडीचं रूप बिघडत नाही.

आता मजेचं. काकांच्या आठवणी आहेतच, त्या असू द्या. पण मजा गाडीतही आहे आणि तिची कारणं सांगता येतात. सुमारे ९०० किलोची गाडी, ५० अश्वशक्तीचं इंजिन, अरुंद टायर. ताशी ४५-५० किलोमीटरला वळण घेतानाच तुम्ही तिच्या क्षमतेच्या जवळ पोचलेले असता. टायर थोडा सरकतो, आवाज करतो, अंग झुकतं, आणि हे सगळं हळूहळू होतं, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो. नव्या गाडीचे रुंद टायर आणि ताठ सस्पेन्शन यांमुळे त्याच वळणावर काहीच घडत नाही. तिच्याकडून तसलं काही अनुभवायचं तर असा वेग लागेल की तो रस्त्यावर गाठणंच बेजबाबदारपणाचं ठरेल. मला याच कारणासाठी जुन्या गाड्या आवडतात. त्यांची मजा कमी वेगात मिळते.

गियरही तसेच. पहिल्या गियरला सिंक्रोमेश (दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारायचा, मध्ये न्यूट्रलला रेस द्यायची आणि दात जुळल्याचं हाताला कळलं की दांडा सोडायचा. हे जमतं तेव्हा मिळणारं समाधान खरं असतं, कारण ते काम तुम्ही केलेलं असतं. तुम्हाला प्रत्येक वळण आठवतं ते यामुळेच. ब्रेकला किती आधी पाय न्यायचा, कुठल्या गियरला उतरायचं, पुढचा काय करेल, हे सगळं तुम्ही सतत ठरवत असता.

एक गोष्ट मात्र फियाटच्या बाजूने सांगता येणार नाही. स्टिअरिंग. वर्म-रोलरचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा गियरबॉक्स आहे, मध्यावर थोडा प्ले (ढिलेपणा) राहणारच. जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग बोलतं असं सगळेच म्हणतात. मिनीसारख्या रॅक-पिनियनच्या (दातेरी पट्टीने थेट चाकं वळवणाऱ्या) गाडीबद्दल ते पटतं, फियाटबद्दल नाही पटत.

विकू नका. पण ती कुठे आणि कशी चालवायची हे ठरवा. माझ्या मते तिची जागा मोकळ्या, वळणावळणाच्या, एकपदरी रस्त्यावर, सकाळी उजेडात. जलदगती महामार्गावर नाही. तिथे पुढची गाडी डिस्क, एबीएस (कडक ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि रुंद टायरच्या जोरावर जिथे थांबते, तिथे तुम्ही थांबू शकत नाही. ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातात. ८०ला गेलात तर गतिऊर्जा पावणेदोन पटींच्याही वर जाते आणि ती सगळी त्या चार ड्रमांत जिरवायची असते. अंतर दुप्पट ठेवा. मध्ये कुणी घुसलं तर घुसू द्या, पुन्हा मागे राहा.

ईसीयू:

ताईंचा प्रतिसाद उत्तम. ब्रेकबद्दल एक शब्दही जादा लिहायला नको. पण "नव्या गाडीत काहीच घडत नाही" याच्याशी मी सहमत नाही.

मला ओल्या रस्त्यावर, उताराच्या वळणावर, समोर आडवा पडलेला दगड चुकवताना गाडी फिरू लागल्याचा अनुभव आहे. मी स्टिअरिंग उलटं फिरवायच्या आतच एका चाकाला ब्रेक लागला आणि गाडी सरळ झाली. ते ईएससीने, म्हणजे गाडी घसरू लागली की हव्या त्या चाकाला आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेने केलं. ड्रायव्हरला चार पाय असते तरी त्याला चारपैकी एकाच चाकाला ब्रेक लावता आला नसता, कारण पेडल एकच असतं. १९९५मध्ये मर्सिडीज आणि बॉश यांनी ही यंत्रणा बाजारात आणली. १९९७मध्ये स्वीडनमधल्या प्रसिद्ध मूस टेस्टमध्ये (अचानक आडवा आलेला प्राणी चुकवल्यासारखी वळणं घ्यायची चाचणी) मर्सिडीजची ए-क्लास उलटली आणि त्यानंतर कंपनीने त्या लहान गाडीतही ईएससी सरसकट दिलं. एकट्या गाडीच्या प्राणघातक अपघातांत ईएससीमुळे जवळपास निम्मी घट होते, असं ताईंनी सांगितलेल्या आयआयएचएसचंच निरीक्षण आहे. एवढा मोठा फायदा देणारी वस्तू गाडीत पट्ट्यानंतर क्वचितच आली असेल.

आणि ही यंत्रणा मजा हिरावून घेत नाही. साधं नेहमीचं चालवताना ती झोपलेली असते. मजा मारतं ते वजन, अतिरुंद टायर आणि आवाज अडवण्यासाठी केलेलं पॅकिंग. १९७४ची पहिली गोल्फ ८०० किलोच्या आसपास होती, आजची १३०० किलोच्या घरात. मग रस्ता हाताला कसा कळेल? पण माझदाची एमएक्स-५ पाहा. १९८९ची पहिली पिढी साधारण ९५० किलोची होती, २०१५ची चौथी पिढी एअरबॅग, ईएससी सगळं घेऊनही हजार-अकराशेच्या आत राहिली. अल्पीनची २०१७ची ए११० अॅल्युमिनियमची आहे, तीही ११०० किलोच्या आसपास. म्हणजे जमतं. बहुतेक कंपन्या तो कष्ट घेत नाहीत, आणि आपण ग्राहकही मोठा पडदा आणि उंच बैठक मागतो.

पडद्यावरून एक सांगतो. पंख्याचा वेग बदलायला तीन ठिकाणी बोट लावावं लागणं ही मजेचीही हानी आहे आणि सुरक्षिततेचीही. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे असावेत असं ठरवलं, ते मला फार योग्य वाटतं. फियाटमध्ये वायपरचं बटण अंधारातही सापडतं.

जुनी_नोंदवही:

नव्वदच्या दशकातली गाडी सुचवणाऱ्या मित्राबद्दल थोडं. सल्ला चांगला आहे, पण "नव्वदची" म्हणजे नेमकी कुठली हे विचारा. युरो एनकॅपचे पहिले निकाल १९९७ला आले, तेव्हा रोव्हर १०० या गाडीला एकच तारा मिळाला. ती त्या वर्षी नवी विकली जात होती, पण आराखडा १९८०चा होता. वर्षभराच्या आत तिचं उत्पादन बंद झालं. त्याच दशकात व्होल्वो ८५० मध्ये बाजूची एअरबॅग आली होती. त्यामुळे नंबरप्लेटवरचं साल फसवं असतं, आराखडा कधीचा ते पाहावं. मी स्वतः मर्सिडीज डब्ल्यू १२४ बरीच वर्षं चालवली आहे. एबीएस, चुरगळणारे भाग, तीन बिंदूंचे पट्टे, आणि तरीही रस्ता हाताला कळतो. पण ती काकांची फियाट नाही, हेही खरंच. तिच्या जागी दुसरी गाडी येणार नाही.

सुरक्षित वाटण्याबद्दलही बोलायला हवं. १९८०च्या दशकात म्यूनिखमध्ये काही टॅक्सींना एबीएस होतं, काहींना नव्हतं. अपघातांत म्हणावा तसा फरक पडला नाही, कारण एबीएसवाले ड्रायव्हर जास्त जोरात चालवू लागले, वळणं कडक घेऊ लागले. मी याचा अर्थ एबीएस नको असा लावत नाही. माझ्या नव्या गाडीत मी अंतर कमी ठेवतो का, हे मी त्यानंतर स्वतःला विचारायला लागलो.

तिसरा_गियर:

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला ती चित्रफीत दाखवली, तो गप्प झाला. टायरचे आकडे पाहायला गेलो तर दोन टायरवर चार आकडी तारीखच नाही, तीनच आकडे आहेत!

ताई, टँडम सिलिंडरचं काम करून घेतो. पट्ट्यांचं विचारायचं राहिलं. पुढे-मागे पट्टे बसवून घेतले आणि मुलीची सीट मागे बांधली, तर तिला कमी वेगात, जवळच्या जवळ नेणं योग्य होईल का? ती रोज विचारते.

ड्रम_आणि_पाटे:

तीन आकडे म्हणजे ते टायर २०००च्या आधीचे आहेत. चार आकड्यांची पद्धत २००० सालापासून आली. गाडी जागेवरून हलवू नका, पाचही टायर बदला, स्टेपनी धरून. मूळ रिमवर ट्यूब घालूनच बसवा.

पट्ट्यांचं नीट सांगते. पुढे तीन बिंदूंचे पट्टे बसवता येतात, कारण तुमच्या गाडीला चार दारं आहेत आणि मधला खांब आहे. पण वरचा बोल्ट नुसत्या पत्र्यात कसला तर धडकेत तो पत्रा फाडून बाहेर येतो. खांबाच्या आतून जाड प्लेट वेल्ड करून तिला नट हवा. खालच्या दोन जागांनाही तशाच प्लेटा, आणि तिथला पत्रा आधी गंजलेला नाही ना हे खरवडून पाहायचं. हे काम ढाच्याचं वेल्डिंग येणाऱ्याकडूनच करून घ्या. सीटच्या कव्हरवाल्याने "लावून देतो" म्हटलं तर नको म्हणा. आणि पट्टा लावला तरी तुमची सीट, तिची रेलिंग आणि तो सरळ दांडा तेच राहतात, हे लक्षात असू द्या.

मागे बहुतेक लोक फक्त कमरेचा पट्टा लावतात. सहा वर्षांच्या मुलीला तेवढ्यावर बसवू नका. बूस्टरवर (मुलाला उंच करणाऱ्या बैठकीवर) बसलेल्या मुलाला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच. नुसता कमरेचा पट्टा धडकेत ओटीपोटावर चढतो आणि आतल्या अवयवांना इजा करतो, शिवाय वरचं अंग पुढे फेकलं जाऊन डोकं समोरच्या सीटवर आदळतं. आयसोफिक्सचं (मुलांची सीट गाडीला थेट अडकवण्याच्या पद्धतीचं) मानक १९९९मधलं, त्याच्या खिट्ट्या तुमच्या गाडीत असण्याचा प्रश्नच नाही. मागेही तीन बिंदूंची सोय करता येते, पण वरचा बिंदू मागच्या खांबावर घ्यावा लागतो आणि तिथे मजबुती देणं पुढच्यापेक्षा कठीण आहे. ते झालं तरी बाजूने धडक बसली तर त्या दारात पत्र्याशिवाय काहीच नाही, आणि हेडरेस्ट नसल्याने मागून बसलेला धक्का सरळ मानेवर येतो.

म्हणून माझं मत वहिनींच्या बाजूने आहे. "जवळच्या जवळ, कमी वेगात" यावर मी विसंबणार नाही, कारण तुमचा वेग तुमच्या हातात असला तरी समोरच्याचा नसतो. माझा भाचा माझ्या गाड्यांवर जीव टाकतो. त्याला मी बंद आवारात, माझ्या शेजारी बसवून, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये फिरवते. त्याला चोक ओढायला देते, बोनेट उघडून तेलाची काठी पुसायला देते, डबल क्लच का मारायचा ते समजावते. रस्त्यावर नेत नाही. तो चिडतो, पण बोनेट उघडलं की पुन्हा येतो. तुमच्या मुलीलाही त्यात गोडी लागेल असं मला वाटतं. तीन बिंदूंचे पट्टे नीट लावता येतील एवढी उंची झाली की मग पुन्हा विचार करा, तोही सगळी कामं झाल्यावरच.

ब्रेकचं काम संपलं की मोकळ्या मैदानात एकटेच जा. ५०च्या वेगावरून लागोपाठ पाच-सहा कडक ब्रेक लावा, मध्ये थांबू नका. पेडल कितव्या ब्रेकला खाली जायला लागलं आणि गाडी कुठल्या बाजूला ओढते ते पाहा. एका बाजूला ओढत असेल तर त्या विरुद्ध बाजूचा व्हील सिलिंडर अडकला असेल किंवा लायनरला तेल लागलं असेल. कुठले लायनर बसवले, पेडल किती खाली गेलं, ते इथे लिहा. त्यावरून पुढचं सेटिंग सांगता येईल.